रंगीबेरंगी म्हणजे कुठला?

जुन्नरच्या बाजारपेठेत कंचनबाईंच्या दुकानात जाऊन काहीही मागावं, फक्त 'रंगीबेरंगी' मागू नये. मागितलं की बाई मीटरपट्टी खाली ठेवतात, चष्म्याच्या वरून बघतात आणि विचारतात, "रंगीबेरंगी म्हणजे कुठला?"

अनेक रंगांचा, नाना रंगांनी भरलेला, असा अर्थ शब्दकोशात मिळेल. शब्दकोशाचं काय जातं? त्याला कापड कापून द्यायचं नसतं. कंचनबाईंचं दुकान मॅचिंगचं. बायका साडी घेऊन येतात आणि तिच्यावर जुळणारं ब्लाउजचं कापड घेऊन जातात. तीन भिंती भरून तागे आहेत, नुसत्या हिरव्याचेच एकतीस. एवढा पसारा मांडून बसलेल्या बाईला कुणी 'रंगीबेरंगी' म्हटलं की तिला तो अपमान वाटतो. ज्यानं नीट बघितलंच नाही त्याचा हा शब्द, असं त्यांचं ठाम मत.

गेल्या मार्गशीर्षात निरगुडसरची अश्विनी आली होती. बहिणीचं लग्न चार दिवसांवर, स्कूटी दारात चालूच.

"आजी, लवकर. या रंगीबेरंगी साडीवर काहीतरी द्या ना."

"आधी गाडी बंद कर."

मुलीनं गाडी बंद केली.

"आता सांग, किती रंग आहेत?"

"खूप आहेत."

"खूप म्हणजे? काय शिकतेस तू?"

"बीकॉम."

"मग मोज."

अश्विनीनं मोजले. गुलाबी, हिरवा, पिवळा, निळा, पांढरा. पाच.

"सात," कंचनबाई म्हणाल्या. "तुझ्या गुलाबीत दोन आहेत. हा राणी आणि हा अबोली. आणि पदराच्या गोंड्यात आमसुली आहे, तो तर तू बघितलाच नाहीस. जो रंग सगळ्यात कमी, त्याचा ब्लाउज घ्यायचा. जो जास्त, त्याचा घेतलास तर साडी अंगावर सांडल्यासारखी दिसते."

आमसुली तागा काढून, पायरीवर उन्हात नेऊन, साडीच्या गोंड्याला लावून, त्यांनी कापून दिला. ट्यूबच्या उजेडात जुळवलेलं कापड त्या कधीच देत नाहीत. अश्विनी पिशवीत डोकावत, जरा थांबून, काहीतरी बोलणार होती. मग स्कूटी चालू करून गेली.

बायका हा शब्द रंगासाठी फारसा वापरतच नाहीत, हे कंचनबाईंना पन्नास वर्षांत पक्कं कळलं आहे. नवरीची आई "जरा रंगीबेरंगी दाखवा" म्हणते तेव्हा तिला भारीतलं बघायचं असतं आणि हलक्या भावात घ्यायचं असतं. सासू सुनेच्या साडीकडे बघून "रंगीबेरंगी आहे हो" म्हणते तेव्हा ती भडक म्हणत असते, आणि सुनेला ते बरोबर कळतं. पन्नाशी उलटलेली बाई हात मागे घेत "नको, फार रंगीबेरंगी वाटतंय" म्हणते, तेव्हा कंचनबाई तो तागा उचलून ठेवत नाहीत. तिथंच उघडा राहू देतात. दहातल्या आठ जणी तोच घेऊन जातात.

कंचनबाई मूळच्या पालीकडच्या, राजस्थानातल्या जैन घरातल्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन जुन्नरला आल्या तेव्हा मराठीचा एक शब्द येत नव्हता. डोक्यावरून हनुवटीपर्यंत पदर, आणि बसायची जागा दुकानामागच्या पडद्याच्या आत. तिथून त्यांना नवऱ्याची पाठ आणि गिऱ्हाइकांचे पाय दिसत.

नवरा पारसमल. सज्जन, गोड बोलणारा, हिशेबाला चोख, आणि दुकानदाराच्या मुलाला असू नये असा एक दोष अंगात. त्यांना लाल आणि हिरवा एकच दिसत. घरात हे कुणाला ठाऊक नव्हतं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात पारगावची एक बाई चुड्याबरोबर घालायला हिरवं कापड मागायला आली, आणि पारसमलनी हसत हसत तिला लालभडक कापून दिलं.

"अवो शेठ, ह्ये लाल हाय!"

"दिव्याखाली तसं दिसतं, बाई. बाहेर उन्हात बघा."

बाईनं उन्हात बघितलं. उन्हात ते आणखी लाल होतं. ती पायरीवरून ओरडायला लागली तशी पडद्याच्या फटीतून एक हात बाहेर आला, बांगड्यांनी भरलेला, आणि त्या हातात हिरव्याचा तागा होता. सासरे गादीवर बसले होते. त्यांनी तागा बघितला, मुलाकडे बघितलं आणि पुढच्या सोमवारी सुनेला गादीवर आणून बसवलं. समाजात चार महिने कुजबुज झाली. सासरे म्हणाले, धंद्याला डोळा लागतो, तो घरात ज्याच्याकडे असेल तो बसेल. पारसमलनी उन्हाची सबब सुचवली ती तशी खोटीच, पण कंचनबाईंनी ती खरी करून दाखवली. तेव्हापासून त्या दुकानात कापड पायरीवर जुळतं.

मराठी त्या रंगांवरूनच शिकल्या. 'ये', 'बस', 'जेव' यांच्याआधी त्यांना 'डाळिंबी', 'विटकरी', 'मोरपंखी' येत होतं. त्यातही खरी शिकवणी घेतली ती घाटघरच्या बाजूच्या अंबाबाईनं. ती डोंगरातली, भात आणि नाचणी करणारी, कंचनबाईंपेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी. बाजाराच्या दिवशी हिरड्याचं गाठोडं विकून आली की या पायरीवर टेकायची.

"कंचा पिवळा द्यू?" तिची 'शेठाणी', म्हणजे कंचनबाई, तिच्याच भाषेत विचारायची.

"खुरासणीच्या फुलाचा. तुमी हळदीचा काढलाय. हळद येगळी."

खुरासणीचं फूल शेठाणीनं बघितलेलं नव्हतं. अंबाबाईनं पुढच्या बाजाराला पदरात बांधून आणलं. तसाच करवंदाच्या आतला लाल, कारवीच्या फुलाचा जांभळा, पिकल्या लोंबीचा सोनेरी, भिजल्या नाचणीचा तपकिरी. कंचनबाईंनी एक वही केली. प्रत्येक पानावर कापडाचा तुकडा चिकटवायचा, शेजारी शब्द, आणि तो कुणी सांगितला त्या बाईचं नाव. वही चारदा संपली आणि चारदा जाड दोऱ्यानं नवी जोडली. 'रंगीबेरंगी'चं पान त्यांनी कधी केलं नाही. तुकडा कुठला लावणार?

दोन वर्षांपूर्वीपासून मात्र कापडगिरण्यांचं काम बिघडलं. निदान कंचनबाईंचं म्हणणं तसं होतं. पांढऱ्यात पिवळट झाक येते, जांभळे मळकट निघतात, निळ्याला पूर्वीची धार राहिली नाही. माल घेऊन येणाऱ्या एजंटाला त्यांनी तीनदा झापलं. तो बिचारा "हो बाई, कळवतो" म्हणून गेला.

मुलगा बंटी, पन्नाशीला टेकला तरी बंटीच, तो एकदा म्हणाला, "आई, मोतीबिंदू असेल. दाखवून घेऊ."

"आता चातुर्मास आहे."

चातुर्मास संपला, दिवाळीची गर्दी आली. दिवाळी संपली, लग्नसराई आली. असं दोन वर्षं चाललं. शेवटी यंदा पौषात, लग्नाचे मुहूर्त नसतात आणि दुकानात माशाही बसत नाहीत अशा दिवसांत, बंटीनं त्यांना गाडीत घालून नेलं आणि उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून आणलं. डावा दोन महिन्यांनी करायचा होता. काळा चष्मा, दिवसातून सहा वेळा थेंब, वाकायचं नाही, दुकानात उतरायचं नाही.

कंचनबाई नवव्याच दिवशी उतरल्या.

सून राखी जेवायला वर गेली होती आणि गादीवर पारसमल पेंगत होते. कंचनबाईंनी चष्मा काढला आणि समोरच्या भिंतीकडे बघितलं. कुणी रात्रीत येऊन तागे बदलून गेलं असावं असं त्यांना वाटलं. पांढरा चक्क पांढरा होता, नीळ दिल्यासारखा. जांभळ्यांच्या ओळीत मध्येच तीन चॉकलेटी तागे होते. हे कुणी ठेवले? राखीच्या नावानं हाक मारायला तोंड उघडलं आणि त्या थांबल्या. त्यांनी उजव्या डोळ्यावर हात धरला. चॉकलेटी तागे जांभळ्यांत गुपचूप मिसळून गेले, सगळेच एका मळकट रंगाचे. हात काढून डाव्या डोळ्यावर धरला. पुन्हा चॉकलेटी. चार-पाच वेळा त्यांनी हे केलं. जांभळ्यांची ती ओळ त्यांनीच लावली होती, दिवाळीच्या आधी.

मग त्यांनी खालचे खण उघडायला सुरुवात केली, वाकायचं नाही हे विसरून. शिलाईच्या सामानामागे एक गोणपाटाची पिशवी होती. तिच्यावर मार्करनं, राखीच्या गोल अक्षरात, 'रंगीबेरंगी' असं लिहिलं होतं. आत ब्लाउजचे तुकडे, घडी न मोडलेले, सगळे ऐंशी सेंटिमीटरचे. त्यांनी पिशवी गादीवर उलटी केली.

राखी हात पुसत खाली आली ती दारातच थांबली.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"माझ्या दुकानात हा शब्द? एवढाच मिळाला तुला?"

"मग काय लिहिणार, आई?" राखी म्हणाली. "'आईंच्या चुका' लिहू?"

पारसमल जागे झाले आणि पुन्हा झोपल्यासारखं करायला लागले.

हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपासून कापडं चुकत होती. सगळी नाहीत. जांभळे, तपकिरी, गडद हिरवे, काळे आणि निळे. कंचनबाई दुपारी एक ते तीन जेवायला आणि पडायला वर जातात हे पेठेत सगळ्यांना ठाऊक. बायका तेव्हा येत आणि राखीकडून कापड बदलून नेत. ज्यांना स्वतःला कळत नसे त्यांना शेजारचा सावळाराम टेलर सांगे. तो कापड मापाला घेई, साडीवर धरी आणि म्हणे, "हे शिवत न्हाई मी. एक वाजता दुकानात जावा. एकच्या आधी नगा जाऊ."

"निरगुडसरची ती स्कूटीवाली?"

"आमसुली म्हणून तपकिरी दिलंत. दुसऱ्याच दिवशी आली होती."

"एकूण किती?"

"सदतीस. पहिलीपासून शेवटचीपर्यंत एकही बाई तुमच्यासमोर बोलली नाही, आई. मी कुणाला सांगितलं नव्हतं, शपथेवर. त्यांनी आपापलंच ठरवलं."

हे ऐकून कंचनबाईंना बरं वाटायला हवं होतं. त्यांना संताप आला. दोन वर्षं त्या ज्या बायकांना 'नीट बघ, मोज' म्हणून दटावत होत्या, त्या सगळ्या नीट बघत होत्या. बघत नव्हती ती एकच. सगळ्या पेठेनं आपल्याला लहान मूल करून ठेवलं असं त्यांना वाटलं.

एक बाई आत डोकावली, पिन मागायला आली होती. गादीवरचा ढीग बघून म्हणाली, "अगंबाई, किती रंगीबेरंगी!"

कंचनबाई म्हणाल्या, "हो." आणि पिनचं पाकीट काढून दिलं.

संध्याकाळी जेवताना, सूर्य मावळायच्या आत, त्यांनी सांगून टाकलं. "उद्यापासून गादीवर राखी. डावा डोळा झाला तरी मी बसणार नाही. ज्याला दिसतं त्यानं बसावं, तुमचे वडीलच म्हणाले होते."

पारसमलनी भाकरीचा तुकडा मोडला. "त्यांनी मलाही कुठं उठवलं होतं? बाजूला सरकवलं होतं. मी पन्नास वर्षं त्याच गादीवर बसलोय, लाल-हिरवं न कळता."

"तुम्ही कापड कापत नव्हता."

"तेही खरं," पारसमल म्हणाले आणि ताकाचा पेला उचलला.

तीन आठवडे त्या खाली उतरल्या नाहीत. वर बसून वही चाळत राहिल्या. शेवटच्या दोन वर्षांतली एकोणीस पानं चुकलेली निघाली. तुकडे उपटायचं मनात आलं, पण गोंद पक्का होता. मग त्यांनी उपटले नाहीत. राखीच्या पिशवीतल्या प्रत्येक कापडाची बोटभर पट्टी कापली, सदतीस पट्ट्या एका पानावर ओळीनं चिकटवल्या, शेजारी 'रंगीबेरंगी' लिहिलं आणि सांगणाऱ्या बाईच्या जागी 'राखी'. काम नेटकं झालं. पण दुकानातून राखीच्या कात्रीचा आवाज वर आला की त्या खिडकी लावून घेत.

माघात मुहूर्त निघाले आणि पहिल्याच बाजाराला अंबाबाई आली. गुडघे दुखतात म्हणून आताशा ती वर्षातून दोनदाच येते. आल्या आल्या गादीवर राखी बघून तिनं विचारलं, "शेठाणी कुठं?"

"वर आहेत. डोळ्याचं झालंय ना. मी देते की, मावशी."

"तू दिशील गं. म्या तिला बघाय आले. हाक मार."

राखीनं हाक मारली. कंचनबाई आल्या नाहीत. मग अंबाबाईनं स्वतः जिन्यात तोंड घालून अशी हाळी दिली की समोरच्या भांड्याच्या दुकानातला माणूस बाहेर आला. कंचनबाई उतरल्या. शेवटच्या पायरीवर त्यांचं अंबाबाईकडे लक्ष गेलं आणि पाऊल तिथंच राहिलं.

अंबाबाई कारवीच्या फुलाच्या रंगाचं नऊवारी नेसली होती. थोरल्या नातीच्या लग्नातलं, गेल्या वैशाखातलं. आणि अंगात चोळी होती ओल्या मातीच्या रंगाची.

"ही चोळी मी दिली?"

"मंग कुणी? तुमीच. पायरीवर लावून बघून."

"मग बदलायला का आली नाहीस? सगळ्या येत होत्या म्हणे. एक वाजता."

"मला काय ठावं तुमचं एक आन् दोन. आमची यष्टी साडेबाराला सुटती." अंबाबाई पायरीवर टेकली. "आन् खरं सांगू? म्या तितंच बघितलं व्हतं, जुळत न्हाई म्हणून. पर तुमी इतकं ठसक्यात बोललात, 'कारवीला कारवीच लागली अंबाबाई, बघ!' म्हणलं, आता हिला काय सांगावं. लग्नात समद्या बाया सारख्या सजलेल्या आन् मी येकटी रंगीबेरंगी. फोटोत पयली मीच दिसती. नात म्हणती, आजी, तुला शोधाया लागत न्हाई."

राखी हसली. कंचनबाई हसल्या नाहीत.

"काढ ती. म्हणजे घरी गेल्यावर काढ. मी बरोबरचं कापून देते, पैसे नकोत."

"ही न्हाई काढायची. वरीसभर अंगात हाय, आता हीच जुळती." अंबाबाईनं पिशवीतून दुसरी साडी काढली. "ही बगा. धाकल्या नातीचं, वैजयंतीचं, लगीन हाय. हिच्यावर द्या. आन् औंदा जुळू द्या म्हंजे झालं."

साडी गर्द रंगाची होती, हिरवी म्हणावी तर निळी, निळी म्हणावी तर हिरवी. काठ लाल.

"राखी देईल," कंचनबाई म्हणाल्या.

"का?"

"मला दिसत नाही. एकच डोळा झालाय. मी सोडलंय आता."

"दिसत न्हाई तर माझी चोळी जिन्यातनं कशी दिसली?"

कंचनबाई पुन्हा जिन्याकडे वळल्या.

"आवो शेठाणी, माझं गुडघं गेलं म्हणून म्या भात लावायचं सोडलं का? बांधावर बसती, सुनेला वरडती. रोप वाकडं गेलं की सून म्हणती, आत्याबाई, तुमीच लांबनं वाकडं बघताय. मंग दोघी भांडतो. भात येतोच की." तिनं साडी कंचनबाईंच्या हातात कोंबली. "राखीला रंगाची नावं येत्यात का? हिला म्या काय म्हणू, ह्या रंगाला?"

कंचनबाईंनी साडी उलगडली. चष्मा कपाळावर सरकवला. पाऊल पायरीकडे वळलं ते त्यांनी वळवलं नव्हतं, तरी त्या उन्हात जाऊन उभ्या राहिल्या.

"मोराच्या मानेचा," त्या म्हणाल्या. "पिसाचा नाही, मानेचा. राखी, तिसऱ्या ओळीतला खालून दुसरा काढ."

राखीनं तागा आणला. कंचनबाईंनी तो साडीवर धरला, मान मागे घेतली, पुढे केली. मग इतक्या वर्षांत गादीवर त्यांनी कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

"बघ गं. कसं वाटतंय?"

राखी अडखळली. पंचवीस वर्षं ती या घरात होती.

"सांग की. तोंड शिवलंय का?"

"जरासा फिका आहे, आई. याच्या वरचा बसेल."

"फिका?" कंचनबाईंचा आवाज चढला. "एकतीस हिरवे मी लावलेत. मला सांगतेस फिका?"

पण डाव्या डोळ्यावर हात धरला होता त्यांनी. धरलेला हात तसाच ठेवून त्या बघत राहिल्या. समोरून एक मोटारसायकल गेली, धूळ उडाली, ती बसेपर्यंत त्या थांबल्या.

"काढ वरचा," त्या म्हणाल्या.

वरचा बसला. अगदी काठापर्यंत बसला. कंचनबाईंनी तो गादीवर टाकला आणि स्वतः त्याच्या मागे जाऊन बसल्या. राखी बाजूला व्हायला लागली तसा त्यांनी तिचा दंड धरून तिला शेजारी खाली बसवलं. गादी दोघींना पुरेशी होती. पारसमल थोडे सरकले.

"मीटर दे इकडं. ऐंशी पुरे का गं अंबाबाई, का मीटरभर घेतेस? वाढली आहेस कमरेला."

"मीटरभर द्या. आन् बोलनं कमी करून कात्री चालवा," अंबाबाई म्हणाली. "बारा वाजून गेलं. माझी यष्टी काय तुमच्यासाठी थांबायची न्हाई."